अकरा ओळींचा पॅच आणि त्याभोवतालचं न बदललेलं फंक्शन

इतक्यात मंजुरी देऊ नका. पॅचमागचा हेतू चांगला आहे आणि वेग वाढल्याचे आकडेही खरे असतील. पण आहे त्या रूपात हा बदल गेला, तर एका गेस्टला, म्हणजे एका व्हर्च्युअल मशीनला, दुसऱ्या गेस्टच्या मेमरीत हात घालता येईल. कसा, ते सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही कुडाळला घरून काम करता. पुण्याची कंपनी आहे आणि तुमची छोटी टीम कंपनीच्या प्रायव्हेट क्लाउडसाठी स्वतःचा हायपरवायझर, म्हणजे एका मशीनवर अनेक गेस्ट चालवणारं सॉफ्टवेअर, सांभाळते. गेस्टकडून मेमरी परत घेणाऱ्या फंक्शनमध्ये एका सहकाऱ्याने अकरा ओळींचा बदल पाठवलाय. आधी लूपमध्ये प्रत्येक पेजसाठी (मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्यासाठी) तीन कामं व्हायची: पेज टेबलमधली (पत्त्यांच्या तक्त्यातली) नोंद पुसणं, टीएलबी (प्रोसेसरने जपून ठेवलेल्या पत्त्यांच्या नोंदी) फ्लश, म्हणजे साफ, करणं आणि पेजचा रेफकाउंट (ते किती जण वापरताहेत याचा आकडा) कमी करणं. नव्या पॅचमध्ये फ्लश लूपच्या बाहेर गेलाय, शेवटी एकदाच होतो. सगळ्या टेस्ट पास आहेत आणि बलून फुगवायला (गेस्टच्या आतल्या बलून ड्रायव्हरमार्फत त्याची मेमरी परत घ्यायला) लागणारा वेळ बराच कमी झालाय. तुमचा प्रश्न असा की डिफ (बदललेल्या ओळींची यादी) नीट वाचला, चूक दिसत नाही, मग एवढ्याशा बदलात आणखी काय बघायचं असतं?

डिफमध्ये चूक दिसणार नाही, कारण ती न बदललेल्या ओळीत आहे. रेफकाउंट कमी करणारी ओळ जशीच्या तशी लूपमध्ये राहिलीय. तिच्या आधी असलेला फ्लश आता तिच्या नंतर होतो. डिफ फक्त हललेल्या ओळी दाखवतो. त्या हलल्यामुळे जागच्या जागी उघड्या पडलेल्या ओळी तो दाखवत नाही. म्हणून मेमरीच्या कोडचा पॅच आला की मी डिफ बाजूला ठेवतो आणि बदल लावून झालेलं अख्खं फंक्शन पहिल्या ओळीपासून वाचतो. नंतर ते कुठून कुठून बोलावलं जातं तेही शोधतो.

आता मूळ मुद्दा. गेस्टला जो पत्ता खरा वाटतो आणि रॅममधला जो पत्ता खरोखर खरा असतो, त्यांची सांगड इंटेलवर ईपीटी नावाच्या टेबलात असते, एएमडीवर एनपीटीत, एआरएमवर स्टेज-२ टेबलात. गेस्टचं स्वतःचं टेबल चार पातळ्यांचं, होस्टचंही (गेस्ट ज्या खऱ्या मशीनवर चालतात तिचंही) चार पातळ्यांचं. दोन्ही चालून जायचं झालं तर एका पत्त्यासाठी २४ वेळा मेमरी वाचावी लागू शकते. ते परवडणारं नाही, म्हणून प्रोसेसर एकदा मिळालेलं उत्तर टीएलबीत जपून ठेवतो. तुम्ही टेबलातली नोंद पुसलीत हे टीएलबीला आपणहून कळत नाही, त्याला सांगावं लागतं. आपल्याकडे फेरफार मंजूर होऊन तलाठ्याच्या दप्तरी नवं नाव लागलं, तरी जुन्या सातबाऱ्याची प्रत कुणाच्या तरी पिशवीत राहतेच. टीएलबीतली जुनी नोंद म्हणजे ती प्रत. फरक एवढाच की इथे ती तपासायला कुणी नाही. प्रोसेसर तिच्यावर विश्वास ठेवून सरळ आत सोडतो.

त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी नोंद पुसायची, मग फ्लश पूर्ण होऊ द्यायचा आणि त्यानंतरच पेज सोडायचं. फ्लश किती वेळा करायचा यात सवलत आहे, क्रमात नाही.

हे पटण्यासाठी एक पाठकोरा कागद घ्या आणि उभी रेघ मारून दोन रकाने करा. मी आजही हेच करतो, डोक्यात दोन सीपीयू एकदम चालवायच्या फंदात पडत नाही. डावीकडे सीपीयू १, त्यावर तुमचं फंक्शन चाललंय. उजवीकडे सीपीयू ४, त्यावर गेस्टचा दुसरा व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) चालू आहे आणि त्याच्या टीएलबीत ‘प’ नावाच्या पेजची लिहिता येण्याजोगी नोंद आहे. आता डावीकडे एकेक ओळ लिहीत जा. ‘प’ची नोंद पुसली. ‘प’चा रेफकाउंट एकने कमी झाला, शून्यावर आला, ‘प’ ॲलोकेटरकडे (मोकळी मेमरी वाटणाऱ्या कोडकडे) परत गेलं. लूप पुढच्या पेजकडे वळला. १ जीबी परत घ्यायची असेल तर ४ केबीची २,६२,१४४ पेजेस होतात, म्हणजे लूपच्या तेवढ्या फेऱ्या अजून बाकी आहेत. मधल्या काळात तिसऱ्याच एका सीपीयूने ॲलोकेटरकडे पेज मागितलं आणि त्याला ‘प’ मिळालं. ते दुसऱ्या गेस्टला गेलं असेल किंवा होस्टने स्वतःचं पेज टेबल ठेवायला घेतलं असेल. आता उजव्या रकान्यात लिहा: सीपीयू ४ वरच्या गेस्टने जुन्या पत्त्यावर आठ बाइट लिहिले. टीएलबीत नोंद आहे, त्यामुळे प्रोसेसरने अडवलं नाही, फॉल्ट आला नाही. ते बाइट ‘प’मध्ये पडले. यानंतर कधीतरी डावीकडे लूप संपतो आणि फ्लश होतो.

तुम्ही म्हणाल, एवढा योगायोग कधी जुळणार? योगायोगावर काहीच अवलंबून नाही. बलून गेस्टच्या हातात आहे. वाईट हेतूच्या गेस्टने एका व्हीसीपीयूवरून बलूनला मेमरीचा मोठा पट्टा द्यायचा आणि दुसऱ्या व्हीसीपीयूवरून त्याच पट्ट्यातल्या पहिल्या पेजवर सतत लिहीत राहायचं. पट्टा जितका मोठा, तितका मधला अवधी लांब. म्हणजे अवधी किती ठेवायचा, हेही त्याच्याच हाती. आधीच्या कोडमध्ये प्रत्येक फेरीत फ्लश होता, म्हणून हा अवधी नव्हताच. वेग वाढवणाऱ्या पॅचने तो तयार केला.

लिनक्स कर्नलमध्ये याच जातीची चूक होऊन गेली आहे. मेमरीचा पट्टा हलवणाऱ्या एमरीमॅप या सिस्टीम कॉलमध्ये पेज टेबलचं लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) सोडल्यानंतर टीएलबी फ्लश होत होता. तो प्रकार ३.२ या आवृत्तीपासून कोडमध्ये होता आणि २०१८ साली गूगलच्या प्रोजेक्ट झिरोमधल्या यान हॉर्न यांनी दाखवून दिला. लॉक सुटल्यापासून फ्लश होईपर्यंत दुसऱ्या कॉलने त्या नोंदी पुसून पेजेस मोकळी केली, की जुन्या टीएलबी नोंदीतून मोकळ्या झालेल्या, कुणा दुसऱ्याला दिल्या गेलेल्या पेजपर्यंत पोचता येत होतं. सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१८-१८२८१ या नावाने ती नोंदली गेली. अनुभवी लोकांच्या नजरेखालून ते कोड वर्षानुवर्षं गेलं होतं.

सहकाऱ्याचं म्हणणं मात्र मोडीत काढू नका. प्रत्येक पेजला फ्लश म्हणजे गेस्टचे व्हीसीपीयू ज्या ज्या सीपीयूवर चालू आहेत त्या प्रत्येकाला इंटरप्ट पाठवायचा आणि सगळे थांबून पुढे जाईपर्यंत वाट बघायची. १ जीबीसाठी हे अडीच लाखांहून जास्त वेळा करणं खरोखर वाया जातं. उपाय असा: नोंदी पुसत जा, पण पेजेस लगेच सोडू नका, एका ॲरेत जमा करा. ॲरे भरला की एक फ्लश करा, मग त्यातली सगळी पेजेस सोडा आणि पुढच्या घासाला लागा. लिनक्समध्ये एमएमयू गॅदर नावाची यंत्रणा हेच करते. ॲरेचा आकार ५१२ ठेवायला सुचवा. आठ बाइटचे ५१२ पॉइंटर म्हणजे बरोबर ४०९६ बाइट, एक पेज. ही जागा आधीच राखून ठेवलेली असावी. लूपच्या आत मेमरी मागायची नाही, कारण हे फंक्शन बहुतेकदा मेमरीची ओढाताण असतानाच चालतं आणि तेव्हा मागितलेली मिळेलच असं नाही. ५१२ पेजेसना एक फ्लश म्हणजे १ जीबीला ५१२ फ्लश. सहकाऱ्याला हवा असलेला वेग त्यात जवळजवळ सगळा मिळतो.

एवढं झालं की फंक्शनमधून बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा मोजा. रिटर्न, ब्रेक, गोटू, एकही सोडू नका. फ्लश लूपनंतर गेलाय, म्हणजे लूपमधून मधेच बाहेर पडणारी प्रत्येक वाट आता फ्लश न करता जाते का, हे बघायचं. तुम्ही चिकटवलेल्या कोडमध्ये पट्ट्यात भोक (जिथे पेजच जोडलेलं नाही अशी जागा) आढळलं तर एरर कोड घेऊन थेट परतणारी एक ओळ आहे. आधी ती निरुपद्रवी होती. आता तिथून परतताना पुसलेल्या नोंदींचा फ्लश राहूनच जातो, पुढे कधीही न होण्यासाठी.

याच प्रकारातली पण सहज नजरेतून निसटणारी गोष्ट म्हणजे लॉक. लूप लांबला तर इतरांना संधी द्यायला मधेच लॉक सोडून परत घेणारी ओळ तुमच्या फंक्शनमध्येही आहे. फ्लश बाकी असताना लॉक सोडलं, तर लॉक मिळालेल्या दुसऱ्या सीपीयूला नोंद रिकामी दिसते. तो समजतो, इथे कुणाचं काही जोडलेलं नाही, आणि त्या समजुतीवर पुढचं पाऊल टाकतो. केव्हीएममध्ये (लिनक्सच्या हायपरवायझरमध्ये) यासाठी फ्लश बाकी आहे का हे एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवतात आणि लॉक सोडण्याआधी तो उरकून घेतात. तुमच्याकडेही तेच करायला सांगा. नुसतं ‘लॉक सोडण्याआधी फ्लश करा’ असं न लिहिता व्हेरिएबल ठेवायला सांगा, म्हणजे पुढे नवीन वाट जोडणाऱ्यालाही ते समोर दिसेल.

केव्हीएमचं नाव घेतलं म्हणून एक इशारा. तिथलं कोड बघून उचलू नका. तुमचा हायपरवायझर जोडलेल्या प्रत्येक पेजचा रेफकाउंट धरून ठेवतो. केव्हीएम साधारणपणे तसा धरत नाही. होस्टच्या मेमरीत बदल होणार असला की एमएमयू नोटिफायरकडून त्याला कळवलं जातं आणि तो आपल्या नोंदी काढतो. पेज फॉल्ट (नोंद नसलेल्या पेजला हात लागल्यावर ते जोडण्याचं काम) चालू असतानाच असा बदल घडला तर ते ओळखायला एक क्रमांक असतो. तो आधी वाचून ठेवायचा आणि लॉक घेतल्यावर बदललाय का ते तपासून मगच नोंद करायची. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. एकीतली ओळ दुसरीत आणून ठेवली तर पेजचा मालक कोण, हेच ठरत नाही.

फ्लश करणारं फंक्शन उघडून बघा. नावात फ्लश असलं तरी ते फ्लश पूर्ण होईपर्यंत थांबतं की नुसती विनंती नोंदवून परत येतं? जो व्हीसीपीयू त्या क्षणी गेस्टमध्ये नाही, त्याच्यासाठी नुसती विनंती पुरते, कारण गेस्टमध्ये पुन्हा शिरण्याआधी तो ती पुरी करेल. गेस्टमध्ये असलेल्याला मात्र बाहेर काढून त्याचं उत्तर येईपर्यंत थांबलंच पाहिजे. शिवाय तुमच्याकडे नेटवर्क कार्ड थेट गेस्टला दिलेलं असतं असं तुम्ही लिहिलंय. त्या कार्डाचा डीएमए (प्रोसेसरला वगळून मेमरीत थेट लिहिणं-वाचणं) आयओएमएमयूमधून (डिव्हाइसच्या पत्त्यांचं भाषांतर करणाऱ्या भागातून) जातो आणि तिथे वेगळा टीएलबी असतो. प्रोसेसरचा टीएलबी फ्लश केल्याने तो साफ होत नाही. अशा गेस्टची पेजेस पिन केलेली (जागेवरून हलू न देता धरून ठेवलेली) असतील तर ती सुटणारच नाहीत आणि हा प्रश्न उद्भवणार नाही. पण ती पिन आहेत, हे कोडमध्ये दाखवून द्यायला सहकाऱ्याला सांगा, तोंडी ग्वाहीवर जाऊ नका.

आता पॅचमधली आठवी ओळ. नोंद पुसण्यासाठी आधी ॲटॉमिक एक्स्चेंज होता, म्हणजे शून्य टाकायचं आणि जुनी किंमत त्याच फटक्यात हाती घ्यायची. पॅचमध्ये त्याऐवजी आधी वाचणं आणि मग शून्य लिहिणं, असे दोन टप्पे झालेत. कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) याचा उल्लेख नाही, बहुधा जाता जाता केलेली साफसफाई असावी. वाचणं आणि पुसणं यांच्या मधल्या क्षणी प्रोसेसर त्या नोंदीत डर्टी बिट लावू शकतो. तो तुम्ही वाचलेल्या किमतीत नसतो आणि लगेच पुसलाही जातो, म्हणजे या पेजवर लिहिलं गेल्याची खूण हरवते. बलूनसाठी याने काही बिघडत नाही, पेज टाकूनच द्यायचं असतं. पण तुम्ही म्हणता तसं हेच फंक्शन होस्टच्या स्वॅपसाठीही (मेमरी कमी पडली की पेजेस डिस्कवर हलवण्यासाठीही) वापरलं जातं. तिथे डर्टी नसलेलं पेज डिस्कवर न लिहिता सोडून दिलं जातं. गेस्टने नुकतंच लिहिलेलं तिथेच हरवेल. क्रॅश होणार नाही, लॉगमध्ये काही येणार नाही, फक्त कधीतरी कुणाच्या तरी डेटाबेसमधलं एखादं पान जुनं निघेल. ॲटॉमिक एक्स्चेंज परत आणायला सांगा, त्यावर चर्चा नको.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा. आधी फ्लशला एका पेजचा पत्ता दिला जायचा. आता पट्ट्याची सुरुवात आणि बाइटमधली लांबी दिली जाते. लांबी काढायला पेजेसची संख्या १२ बिटांनी डावीकडे सरकवली (म्हणजे ४०९६ ने गुणली) आहे आणि ते व्हेरिएबल ३२ बिटांचं आहे. ४ जीबीचा पट्टा असेल तर पेजेस होतात १०,४८,५७६. ती १२ बिटांनी सरकवली की ३२ बिटांत उरतं शून्य. शून्य बाइटचा फ्लश, म्हणजे फ्लशच नाही. तुमच्या टेस्टमध्ये हे दिसलं नाही, त्याचं कारण साधं आहे. तुम्ही कुडाळच्या मशीनवर २ जीबीचे गेस्ट चालवता. त्यांत एवढा मोठा पट्टा तयारच होत नाही. ४ जीबीच्या वरचा पत्ताही येत नाही, कारण पीसीच्या पत्त्यांच्या रचनेत ४ जीबीच्या खालचा काही भाग डिव्हाइससाठी राखलेला असतो आणि उरलेल्या भागात न मावणारी रॅमच तेवढी वर जाते. गेस्ट ८ जीबीचा करा. तुमच्या मशीनमध्ये एवढी मोकळी रॅम नसली तरी चालेल. तुमचा हायपरवायझर पेजेस लागतील तशी जोडतो, त्यामुळे गेस्टने हात लावेपर्यंत खरी रॅम खर्च होत नाही.

एखाद्या आकड्यासाठी इतकं ताणायचं का, असं सहकारी विचारू शकतो. झेन या हायपरवायझरमधली दोन उदाहरणं त्याला सांगा. एक्सएसए-१०८ (झेनच्या सुरक्षा सूचनेचा क्रमांक), २०१४ सालची. एक्स२एपिकसाठी (प्रोसेसरच्या इंटरप्ट हाताळणाऱ्या भागासाठी) २५६ रजिस्टरांचा पट्टा ठरलेला असताना कोडने १०२४ धरले होते. त्यामुळे ४ केबीच्या पेजच्या पलीकडचं वाचता येत होतं, म्हणजे हायपरवायझरचा किंवा दुसऱ्या गेस्टचा डेटा. मोठ्या क्लाउड कंपन्यांना त्या दुरुस्तीसाठी आपली मशीन रीबूट करावी लागली. दुसरं, एक्सएसए-१४८. पेज टेबलमधल्या नोंदीत बदल करण्याच्या झटपट वाटेवर मोठ्या पेजच्या बिटाची एक तपासणी राहून गेली होती. ३.४ या आवृत्तीपासून २०१५ पर्यंत ती तशीच होती आणि तिच्यातून गेस्टला सबंध मशीनवर ताबा मिळवता येत होता. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती काही ओळींची होती.

सहकाऱ्याला काय लिहायचं, याचा मसुदा देतो. ‘फ्लश एकत्र करण्याची कल्पना मान्य आहे. पण रेफकाउंट फ्लशच्या आधी कमी होतोय, त्यामुळे दुसऱ्या सीपीयूच्या टीएलबीत नोंद शिल्लक असताना पेज मोकळं होऊ शकतं. ५१२ पेजेस जमवून, फ्लश करून मग सोडावीत. भोक सापडल्यावर परतणारी वाट आणि लॉक सोडणारी ओळ, दोन्ही ठिकाणी बाकी फ्लश उरकावा. ॲटॉमिक एक्स्चेंज का काढला ते लिहावं किंवा परत आणावा. लांबी ६४ बिटांत काढावी.’ एवढं पुरे. प्रत्येक वाक्यात काय बिघडतं किंवा काय करायचं ते आहे. माणसाबद्दल एक शब्दही नाही, तसाच ठेवा. कमिट मेसेजमध्ये ‘पेज फ्लशनंतरच का सोडतो’ हे दोन ओळींत लिहायला सांगा. पुढच्या वेळी कुणी वेगासाठी हात घालेल तेव्हा कोड चाळण्याआधी तोच मेसेज वाचेल.

आणि टेस्ट. आहेत त्या टेस्ट हा दोष पकडणार नाहीत, एक नवी लिहावी लागेल. दोन व्हीसीपीयूचा गेस्ट घ्या. एक व्हीसीपीयू ठराविक पेजवर सतत आकडा लिहीत राहील, दुसरा तेच पेज बलूनला देईल. होस्टवर पेज पॉयझनिंग चालू करा. त्यात मोकळ्या होणाऱ्या पेजमध्ये ठराविक बाइट भरले जातात आणि ते पुन्हा देताना तेच बाइट जागेवर आहेत का हे तपासलं जातं. कुणी मधे लिहिलं असेल तर तिथेच कळतं. शिवाय लूप आणि फ्लश यांच्या मधे मुद्दाम १०० मिलिसेकंदांचा उशीर घाला, म्हणजे नशिबावर काही राहणार नाही. हा उशीर फक्त टेस्टच्या बिल्डमध्ये ठेवा.

टेस्ट रात्रभर चालवायची तर पुण्याच्या सर्व्हरवर टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या टर्मिनलमध्ये) लावा आणि लॉगही तिकडेच फाइलमध्ये जाऊ द्या. मी देवगडला असतो. आषाढात एकदा लाईन गेली की इन्व्हर्टर संपेपर्यंत येईलच याची खात्री नसते आणि नेटही त्याच सुमारास जातं. अर्धवट तुटलेला लॉग सकाळी वाचत बसण्यात काही हशील नाही.

ही टेस्ट आधी सध्याच्या पॅचवर चालवा, ती तिथे फेल झालीच पाहिजे. मग दुरुस्त आवृत्तीवर चालवा. दोन्ही निकाल रिव्ह्यूमध्ये जोडा आणि दुसरी आवृत्ती पुन्हा अख्खं फंक्शन वाचूनच मंजूर करा. सध्याच्या पॅचवर टेस्ट फेल झाली नाही, तर आधी टेस्ट दुरुस्त करा. बहुतेक वेळा दोन्ही व्हीसीपीयू एकाच सीपीयूवर आलेले असतात. ते वेगवेगळ्या सीपीयूवर पिन केले की दोष वर येईल.